गाडी कोण चालवत होतं

१७ नोव्हेंबर, शुक्रवार

टपालाने येणारी पत्रं आमच्या घरी आईच्या नावाची असतात. आज एक माझ्या नावाचं आलं. 'श्री. नायल ब्लँचर्ड, वाहनाचे नोंदणीकृत धारक.' वाचून आधी छाती फुगली, खोटं कशाला लिहू. लिंकन शहरातलं कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडून आल्यापासून मला कोणी कशाचा धारक वगैरे म्हटलेलं नाही. माशांच्या कारखान्यात मी फक्त चार नंबरच्या पट्ट्यावरचा पोरगा आहे.

मग पुढचं वाचलं. मंगळवार, ७ नोव्हेंबर. स्केगनेस. बोलिंगच्या हॉलसमोरचा खासगी वाहनतळ. आत एक वाजून बावीस, बाहेर पाच एक्कावन्न. दोन तास फुकट, त्यापुढे शंभर पौंड. चौदा दिवसांत भरले तर साठ. खाली दोन फोटो, एक गाडीच्या तोंडाचा आणि एक पाठीचा. नंबर स्पष्ट. आत कोण बसलंय ते दिसत नाही.

मला फोटोची गरजही नाही. माझी दुपारची पाळी असते त्या आठवड्यातल्या मंगळवारी गाडी माझ्या मैत्रिणीकडे, मार्नीकडे असते. बाराला ती मला कारखान्याच्या फाटकाशी सोडते, आठला न्यायला येते. सात तारखेला कुठं होतीस म्हणून विचारलं होतं तेव्हा म्हणाली होती, क्लीथॉर्प्सला मावशीकडे. क्लीथॉर्प्स आमच्या ग्रिम्सबीहून पंधरा मिनिटं. स्केगनेस तासाभराहून जास्त. नोव्हेंबरात स्केगनेसला कोण जातं? तिथं या दिवसांत समुद्रसुद्धा बंद असल्यासारखा वाटतो.

साडेचार तास बोलिंग.

पत्र मोज्यांच्या कप्प्यात खाली ठेवलंय. विचारीन तिला. शांतपणे विचारीन. लिंकनच्या समुपदेशकबाई म्हणायच्या, डोकं तापलं की आधी वहीत लिही, मग तोंड उघड. तेव्हा ऐकलं नाही. आता बघू.

२० नोव्हेंबर, सोमवार

ट्रेव्हरला जेवणाच्या सुट्टीत विचारलं. ट्रेव्हर फोर्कलिफ्ट चालवतो, पंचावन्नचा आहे, आणि कुठल्याच कागदाला घाबरत नाही. नाव न घेता विचारलं की, एका मित्राला असं पत्र आलंय.

"तुझ्या त्या मित्राला सांग, सरळ कचऱ्यात टाक," तो म्हणाला. "हा काय सरकारी दंड आहे होय? खासगी कंपनी आहे. बिल पाठवलंय त्यांनी, बिल. मी उद्या तुला पाठवतो, माझ्याकडे बघितल्याबद्दल वीस पौंड. देणार का?"

"पण गाडी त्याच्या नावावर आहे ना."

"असू दे की. त्यांना ठाऊक असतं गाडी कोणाच्या नावावर आहे. चालवत कोण होतं ते कुठं ठाऊक असतं? म्हणून तर खाली फॉर्म देतात, चालकाचं नाव-पत्ता लिहा. तो नाही भरायचा. मेलं तरी कोणाचं नाव द्यायचं नाही. हे इथलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल तुला."

"आणि मित्र चालवत नव्हता, दुसरं कोणी चालवत होतं, तर?"

ट्रेव्हरने सँडविच खाली ठेवलं. "मग तर मुळीच नाही, पोरा."

२४ नोव्हेंबर, शुक्रवार

विचारलं नाही अजून. मार्नी आज बेकरीतून थेट इकडे आली, केसांत पीठ. मी ते झाडत बसलो. तिच्या केसांतलं पीठ झाडायला मिळावं म्हणून मी एक पदवी सोडली, आणि मला त्याचं काही वाटत नाही. ती म्हणते, "मी कधी सांगितलं होतं सोडायला?" नाही सांगितलं. पण प्रेमात माणूस सांगायची वाट बघतो का?

मध्येच तिने विचारलं, "लहानपणी तुला गोड काय आवडायचं? घरात काय व्हायचं?"

"तांदळाची खीर. ओव्हनमधली, वर करपलेली साय असलेली."

"कोण करायचं?"

"तो माणूस," मी म्हणालो. "आई रविवारी कामावर असायची."

ती 'हं' म्हणाली. मग साय करपवायला जायफळ घालायचं की साखर, ते विचारत बसली. मला काय ठाऊक? तो माणूस आम्हाला सोडून गेला तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. त्याच्याबद्दल या घरात बोलत नाहीत हे तिला माहीत आहे. मी विषय बदलला.

१ डिसेंबर, शुक्रवार

दुसरं पत्र. मंगळवार, २१ नोव्हेंबर. आत एक एकोणीस, बाहेर पाच चाळीस. त्या दिवशी ती मावशीकडेही नव्हती. मी विचारलंच नव्हतं, आणि तिने आपणहून सांगितलं की दिवसभर झोपून होते. गाडीतलं पेट्रोल मात्र अर्ध्यावर आलं होतं.

पहिल्या पत्राखाली ठेवलं. आता हा पुरावा आहे. तिला दाखवला तर काहीतरी सबब तयार करेल. पूर्ण हातात येईपर्यंत दाखवायचा नाही.

५ डिसेंबर, मंगळवार

आज जे केलं ते लिहायला मन होत नाही, पण लिहितो.

आईला दवाखान्यात न्यायचंय असं सांगून ट्रेव्हरची व्हॅन मागितली. कारखान्यात आजारी कळवलं. बाराला मार्नीने फाटकाशी सोडलं, गालावर ओठ टेकवले, "आठला येते" म्हणाली. ती वळून गेली की मी व्हॅन काढली.

सगळा रस्ता तिच्यामागे तीन-चार गाड्या सोडून. लाउथ गावानंतर धुकं होतं. ती सावकाश चालवते, वळणावर दोन्ही हात चाकावर घट्ट. ते पाहून दोनदा वाटलं की परत फिरावं.

बोलिंगच्या हॉलसमोर तिने गाडी लावली, मी लांब, करीच्या हॉटेलाच्या कोपऱ्यात. ती कापडी पिशवी घेऊन उतरली. पिशवीत डबा असावा, कारण ती दोन्ही हातांनी सरळ धरून चालत होती. बोलिंगकडे गेलीच नाही. वाहनतळाच्या मागच्या बाजूला झुडपांचं कुंपण आहे, त्यातल्या फटीतून पलीकडे गेली. तिकडे एक बैठी विटांची इमारत, बाग, पाखरांना दाणे टांगलेले. भाड्याची घरं असावीत, म्हातारीकोतारी राहतात तशी. कुंपणापाशी चाकांच्या खुर्चीत एक म्हातारा कांबळी गुंडाळून बसला होता, नाकाला नळी. या थंडीत त्याला बाहेर कोणी ठेवलं कोण जाणे. ती त्याच्यापाशी वाकली, काही बोलली. ती अशीच आहे, रस्त्यावरच्या कुत्र्याशीही बोलते.

मग दारातून एक पुरुष आला. उंच, तपकिरी दाढी, अर्ध्या बाह्यांचा निळा सदरा, दाताचे डॉक्टर घालतात तसा. त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली. दोघं हसले. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. सगळे आत गेले आणि दार लागलं.

मालिश करणारा असेल. नाहीतर व्यायामशाळेतला. जवळ गेलो असतो तर त्याचं नाक फोडलं असतं, म्हणून गेलो नाही. वीस मिनिटं व्हॅनमध्ये बसलो आणि परत आलो. पाळी सुटायच्या वेळी फाटकाशी उभा राहिलो. ती आली. "दमलास?" म्हणाली. डोळे सुजलेले होते तिचे. मी म्हटलं, "तूही दमलेली दिसतेस."

१३ डिसेंबर, बुधवार

जेवत नाही नीट. आई विचारते, मी पोटाचं नाव सांगतो.

२३ डिसेंबर, शनिवार

मार्नीने माझ्यासाठी निळा स्वेटर विणलाय. बाह्या लांब झाल्यात. मला इतका आवडला की तिला तिथंच माफ करून टाकावं असं वाटलं, दाढीवाल्यासकट. आम्ही सोफ्यावर बसलो होतो, आई स्वयंपाकघरात.

मार्नी म्हणाली, "एक विचारू? रागावणार नाहीस?"

"विचार."

"समजा, तुझ्या वडिलांनी माफी मागितली. म्हणजे समोर येऊन. तर?"

मी उठून उभाच राहिलो. सगळं एकदम वर आलं. मी तिला सांगितलं, पुन्हा एकदा सांगितलं, की तो गेल्यावर दोन महिन्यांनी त्याच्या कर्जापायी वसुलीवाले आले होते. मी शाळेच्या गणवेशात जिन्यावर बसलो होतो. ते टीव्ही उचलून घेऊन गेले. आईने दारात उभं राहून त्यांना 'सांभाळून, पायरी आहे' असं सांगितलं, टीव्ही नेणाऱ्यांना. त्याची बाजू या घरात जो घेईल त्याचा माझा संबंध संपला, मग तो कोणी असो.

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला होता. आई ऐकत होती.

मार्नी खाली बघत म्हणाली, "बरं. राहू दे."

तिला मुळात काहीतरी दुसरंच बोलायचं होतं असं मला तेव्हा वाटलं. दाढीवाल्याबद्दल. वडिलांचं नाव काढून तिने टाळलं.

९ जानेवारी, मंगळवार

आज जे आलं ते कंपनीचं नव्हतं. वसुली करणाऱ्यांचं होतं. वर लाल पट्टी. पहिल्या पत्राचे शंभराचे एकशे सत्तर झालेत. 'आपण प्रतिसाद न दिल्यास आमच्या अशिलास न्यायालयात जाण्याचा सल्ला देण्यात येईल.' डिसेंबरातली दोन धरून बाकीच्या तीन तारखांचीही अशीच निघतील असं खाली लिहिलंय.

मी सकाळच्या पाळीला होतो. पाकीट आईने फोडलं. घरी आलो तर ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली, कोट घालून. टीव्हीची वायर भिंतीतून काढून, गुंडाळून, टीव्ही शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवला होता.

"आई, हे तसले नाहीत. हे घरात शिरू शकत नाहीत, यांना काही अधिकार नाही. हे नुसती पत्रं पाठवतात."

"तेव्हाही पत्रंच आली होती आधी," ती म्हणाली. "तुझा बापही असंच सांगायचा मला. नुसती पत्रं आहेत, डेनिस."

मला आयुष्यात कोणी एवढं लागेल असं बोललेलं नाही. तिने आवाजसुद्धा चढवला नव्हता.

१२ जानेवारी, शुक्रवार

केलं.

कंपनीच्या संकेतस्थळावर जागा आहे. 'आपण चालक नव्हतात का? चालकाचे नाव व पत्ता द्या. आपली जबाबदारी संपेल.' चारही पत्रांचे नंबर टाकले. चालकाचं नाव: मार्नी कोल्बेक. पत्ता: तिच्या बहिणीचा, तिथंच राहते ती. तीन मिनिटं लागली. लिंकनला प्रवेशाचा फॉर्म भरायला दोन दिवस लागले होते.

मग तिला बोलावलं आणि चावी मागितली.

"का?"

"स्केगनेसला ट्रेन नाहीतर बस जाते. त्याला म्हणावं ये न्यायला."

तिचा चेहरा पांढरा पडला. "तुला कोणी सांगितलं?"

म्हणजे खरंच होतं. तोवर मनाच्या एका कोपऱ्यात वाटत होतं की ती हसेल, आणि काहीतरी साधंच निघेल.

"मी पाहिलं डोळ्यांनी. पिशवी घेऊन जाताना. दारात तो उभा. निळ्या सदऱ्यातला."

ती म्हणाली, "पाहिलंस तू? तिथं होतास?" आणि मग, "आणि आत आला नाहीस?"

"कशाला येऊ? तमाशा करायला?"

"नायल, मी वचन दिलंय. मला थोडे दिवस दे. फक्त मंगळवारी गाडी दे, पेट्रोल माझं. त्यानंतर मी स्वतः सांगते तुला सगळं. तुझ्या पाया पडते."

मंगळवार मागते. माझ्याच गाडीतून. मी चावी तिच्या हातातून ओढून घेतली. तिच्या बोटाला खरचटलं. मुद्दाम नव्हतं.

पत्रांचं, फॉर्मचं तिला सांगितलं नाही. पत्र तिच्या घरी जाईल तेव्हा कळेल.

२२ जानेवारी, सोमवार

तिचा निरोप: 'उद्या तरी दे गाडी. एकदाच. कृपा कर.' उत्तर दिलं नाही. दिवसभर फोन हातात घेऊन बसलो होतो, पुन्हा येईल म्हणून. आला नाही.

बेकरीसमोरून दोनदा गेलो. काचेतून दिसली. पाव कापायच्या यंत्रापाशी उभी होती, पाठमोरी. एवढंच.

६ फेब्रुवारी, मंगळवार

ट्रेव्हर म्हणाला, तुझी ती मुलगी लाउथच्या बस थांब्यावर दिसली, पावसात, हातात पिशवी. मी म्हटलं, माझी कोणी मुलगी नाही. तो म्हणाला, "बरं बाबा, नाही तर नाही," आणि फोर्कलिफ्ट सुरू केली.

म्हणजे बसने जाते. इतकं आहे तर. मला रडू आलं आणि त्याचा इतका राग आला की मी पट्ट्यावरची अख्खी रांग चुकीच्या खोक्यात भरली.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

बाराला फाटकाशी मार्नी उभी होती. हातात लाल पट्टीचं पत्र. त्यावर तिचं नाव.

"हे काय आहे?"

मी सांगितलं. सगळी पत्रं, मोज्यांचा कप्पा, फॉर्म. आत जाणारे लोक आमच्याकडे बघत होते.

"नोव्हेंबरपासून येत होती पत्रं? आणि तू मला एकही दाखवलं नाहीस?"

"तूच सांगायला हवं होतंस कुठे जातेस ते."

"बहिणीच्या नवऱ्याने फोडलं हे. त्याच्या दारात वसुलीवाले आणले म्हणून महिनाअखेर दुसरी जागा बघ म्हणाला." ती ते असं म्हणाली की जणू ती गोष्ट तिसऱ्याच कोणाची आहे. मग पत्र घडी करून खिशात घातलं आणि म्हणाली, "ऐक. मी वचन मोडतेय. ते तुझे वडील आहेत."

मला काही समजलं नाही.

"स्केगनेसला. तिथं पलीकडे कॅरॅव्हॅनमध्ये, चाकांवरच्या घरात राहायचे इतकी वर्षं. फुफ्फुसं गेली त्यांची. ऑक्टोबरात त्यांनी फोनवर माझा आणि तुझा फोटो पाहिला आणि मला लिहिलं. ती इमारत हॉस्पिस आहे, नायल. बरं करत नाहीत तिथं. शेवटचे दिवस नीट जावेत म्हणून ठेवतात. धीर झाला की मी स्वतः त्याला बोलावीन, तोवर सांगू नकोस म्हणाले. निळ्या सदऱ्यातला तो नर्स आहे. मांतास. त्याला दोन मुली आहेत."

भोंगा झाला.

"आज जा," ती म्हणाली. "पाळी सोड. गाडी आहे तुझ्याकडे. आत्ता निघ."

मी काय म्हणालो ते जसंच्या तसं लिहितो, म्हणजे पुढे कधी मला बदलून आठवायला नको. मी म्हणालो, "नऊ वर्षं मी वाट बघितली. आता त्याने बघावी."

आणि आत गेलो.

१४ फेब्रुवारी, बुधवार

गेलो नाही. पाळी होती. सुट्टी मागायला दोन दिवस आधी सांगावं लागतं.

हे खरं नाही. आजारी म्हणून कळवता येतं, मी डिसेंबरात कळवलं होतं.

१५ फेब्रुवारी, गुरुवार

आईला सांगितलं. ती इस्त्री करत होती. थांबली नाही.

"तू जा," म्हणाली. "मी अडवणार नाही. मला मात्र नको विचारूस."

"जाऊ का पण?"

"ते मला विचारतोयस की स्वतःला, ते बघ."

काय बोलायचं तेच ठरत नाही. आधी टीव्हीचं बोलावं, की आधी कसा आहेस विचारावं. शनिवारी जातो. शनिवारी पूर्ण दिवस मोकळा आहे, घाई नको.

१७ फेब्रुवारी, शनिवार

दार मांतासने उघडलं. मी नाव सांगितल्यावर तो मला बसवायला एका छोट्या खोलीत घेऊन गेला. टेबलावर कागदी रुमालांचा डबा होता. तो डबा बघूनच कळलं.

गुरुवारी. सकाळी सहाच्या सुमारास. झोपेत नाही म्हणाला, खोटं सांगणार नाही, पण त्रास फार नव्हता. "तुमचा फोन नंबर आमच्याकडे नव्हता. मार्नीला कळवलं, तिचा नंबर लिहिला होता त्यांनी." म्हणजे मार्नीला दोन दिवस ठाऊक होतं. तिने मला कळवलं नाही. ती कळवेल असं मी का समजत होतो?

त्याच्या बोलण्यात त्याच्या देशाचा हेल आहे, लिथुआनियाचा. माझ्या वडिलांना तो 'मिस्टर क्लाइव्ह' म्हणतो. "मंगळवारी मिस्टर क्लाइव्ह ऐकायचे नाहीत. एक वाजला की बाहेर न्या, कुंपणापाशी. मी म्हणायचो, थंडी आहे, मिस्टर क्लाइव्ह. ते म्हणायचे, माझ्या पोराची गाडी वळताना दिसते तिथून."

घरी येऊन ५ डिसेंबरचं पान काढून पाहिलं. मी त्याला 'एक म्हातारा' लिहिलंय. एकोणपन्नास वर्षांचे होते ते.

निघताना दाराशी भेटायला येणाऱ्यांची वही होती. मी पानं मागे उलटली. नाव, कोणाला भेटायचं, गाडी क्रमांक, नातं, आलात किती वाजता, गेलात किती वाजता. नोव्हेंबर ते जानेवारी, पंधरा दिवसांआड, तिचं गोल अक्षर. माझ्या गाडीचा नंबर. आणि नात्याच्या रकान्यात पाचही वेळा एकच: 'मुलातर्फे'.

जानेवारीनंतर दोनच नोंदी. गाडी क्रमांकाच्या जागी रेघ. आत तीन दहा, बाहेर तीन पंचेचाळीस. दुसऱ्या वेळी आत तीन वीस, बाहेर तीन पंचेचाळीस. परतीची बस चारला सुटते.

मांतासला मी वाहनतळाच्या पत्रांचं विचारलं. का विचारलं ठाऊक नाही, दुसरं काही तोंडातून येईना. त्याने कपाळाला हात लावला. "अरे देवा. ते कॅमेरे ऑक्टोबरात बसवले त्यांनी. आम्ही इथं स्क्रीन ठेवलाय बघा, त्यावर आमच्या पाहुण्यांनी गाडीचा नंबर टाकायचा, मग आकार लागत नाही. मार्नी वहीत लिहायची, तेवढं पुरतं असं तिला वाटलं असेल. पण काही बिघडत नाही. कोणालाही चुकून पत्र आलं तर आम्हाला आणून द्यायचं. आम्ही एक ओळ लिहिली की रद्द. दर आठवड्याला दोन-तीन करतो आम्ही."

आणून द्यायचं. पत्रं येत होती धारकाला. आणि जिथं ती नेऊन द्यायची होती, तिथं जात होती मार्नी.

त्याने तिथंच बसून ओळ लिहून दिली. पाचही तारखांसाठी एकच कागद.

२१ फेब्रुवारी, बुधवार

कंपनीचं उत्तर चार दिवसांत आलं. सर्व आकार रद्द. वसुलीवाल्यांनाही कळवलंय. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी.

कागद घेऊन मार्नीच्या बहिणीकडे गेलो. बहीण दारात आली. "ती नाहीये इथं. बेकरीच्या वरची खोली घेतलीय तिने." आणि दार लावता लावता म्हणाली, "फार त्रास दिलास रे."

बेकरीवर गेलो नाही. पाकिटावर बेकरीचा पत्ता लिहून पत्रपेटीत टाकलं आणि आलो.

४ मार्च, सोमवार

आज अकराला ग्रिम्सबीच्या दहनगृहात झालं. कॅरॅव्हॅनच्या वसाहतीतून चौघं आले होते, मांतास आला होता, मुद्दाम रजा टाकून. आई माझ्याबरोबर गाडीत आली, पण उतरली नाही. कोटाची बटणं लावून पुढच्या सीटवर बसून राहिली. "मी इथं आहे," एवढंच म्हणाली.

मार्नी डावीकडे दुसऱ्या ओळीत होती. कॅरॅव्हॅनवाल्यांपैकी एकाने उठून सांगितलं की क्लाइव्हने त्याला पत्ते खेळायला शिकवलं आणि नंतर सतत हरवलं. लोक थोडे हसले. मग पाद्रीबाईंनी विचारलं, मुलाला काही बोलायचंय का. मी मान हलवली. नाही. माझ्याकडे त्यांच्याबद्दल अकराव्या वर्षापर्यंतचंच आहे, आणि तेही मी सगळं फेकून दिलं होतं.

बाहेर आल्यावर मार्नीपाशी गेलो.

"पत्र मिळालं?"

"मिळालं."

"तुझं नाव काढलंय त्यांनी सगळीकडून."

"बरं झालं."

तिने मला जवळून पाहिलं, खूप दिवसांनी. मी म्हटलं, "ते माझ्याबद्दल काय बोलायचे?"

"विचारायचे," ती म्हणाली. "सारखं विचारायचे. मलाच फार काही सांगता यायचं नाही, म्हणून मी तुला विचारून जायची." मग म्हणाली, "नोव्हेंबरातच विचारायचं होतंस रे मला. रागावून का होईना. मी सांगितलं असतं. वचन मोडून सांगितलं असतं."

"घरी सोडू तुला?"

"नको. बस आहे."

"मार्नी."

"नको, नायल."

तिने हातमोजे घातले आणि फाटकाकडे गेली.

मी गाडीत बसलो. आई म्हणाली, "झालं?" मी म्हटलं, "झालं." तिने माझ्या खांद्यावरचा काहीतरी कचरा उचलला आणि खिडकीची काच खाली करून बाहेर टाकला.

फाटकाबाहेर वळलो तर थांब्यावर मार्नी एकटीच उभी. वारा होता. आमची गाडी ती लांबूनही ओळखते, पण तिने मान रस्त्याच्या दुसऱ्या टोकाकडे ठेवली होती, बस येते तिकडे. माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

"थांबू नकोस," आई म्हणाली. "तिला बस मिळू दे."

मी गाडी पुढे नेली.